पेल्यातले दात

माणसाला आयुष्यात दोनदा दात येतात, असे आमच्या शाळेतल्या पुस्तकात छापलेले आहे. पहिल्या खेपेला वीस येतात, त्यांना दुधाचे म्हणायचे. ते पडले की दुसऱ्या खेपेला बत्तीस येतात, त्यांना कायमचे म्हणायचे. हा धडा मी कितीतरी वर्षे शिकवीत आलो आहे आणि ‘कायमचे’ हा शब्द फळ्यावर लिहिताना माझा हात कधी अडखळला नव्हता. अलीकडे मात्र तो लिहून झाला की मी वर्गाकडे पाठ ठेवून क्षणभर तसाच उभा राहतो. कारण दात तिसऱ्यांदाही येतात, आणि ते चंद्रपूरहून, लहानशा डबीत, ओल्या कापसावर निजून येतात, ही गोष्ट पुस्तक लिहिणाऱ्या विद्वानांच्या कानावर गेलेली दिसत नाही.

माझे दोन दात असे आलेले आहेत. वरच्या ओळीतले, अगदी दर्शनी. तीन वर्षांपूर्वी मैदानावर मुलांचा गिल्लीदांडू रंगात आला होता आणि मी पंच म्हणून कडुलिंबाखाली उभा होतो. चौथीतल्या एका पोराने असा काही टोला हाणला की गिल्ली सरळ पंचांच्या तोंडावर आली. त्या टोल्याचे मोजमाप कोणी घेतले नाही ही मला आजही त्या पोरावर झालेली उपेक्षाच वाटते. बिचारा माझ्यापेक्षा जास्त रडला. पुढे महिनाभर तो रोज सकाळी प्रार्थनेच्या वेळी माझ्या तोंडाकडे टक लावून पाही. दात पुन्हा उगवले की काय, याची तो तपासणी करीत असावा.

दातांची किंमत मला खाण्याच्या आधी बोलण्यात कळली. मी मराठी शिकवतो. आमच्या व्याकरणात त, थ, द, ध, न, ल, स या वर्णांना दंत्य म्हणतात. जीभ वरच्या दातांना जाऊन टेकली म्हणजे ते उमटतात. टेकायला जागाच नसली तर? माझा ‘दसरा’ घसरू लागला. मराठीत तर आणखी एक कुलंगडे आहे. चूल आणि चाक यांतला च वेगळा, चार आणि चिमणी यांतला वेगळा. हा भेद मी मुलांना मोठ्या हौसेने समजावून देत असे. आता माझ्या तोंडून दोन्ही च सारखेच शीळ घालीत बाहेर पडू लागले आणि मागच्या बाकावर खसखस पिकू लागली. तेव्हा दात बसवणे ही चैन नसून नोकरीची गरज आहे, असा निर्णय घरात एकमताने झाला.

चंद्रपूरच्या डॉक्टरांनी तीन मार्ग सांगितले. एकात हाडात स्क्रू बसवून त्यावर दात चढवायचा. दुसऱ्यात शेजारचे धडधाकट दात कातरून त्यांच्यावर टोप्या घालायच्या आणि मधल्या दातांना त्यांच्या आधाराने पक्के करायचे. तिसऱ्यात काढता-घालता येणारी छोटी कवळी. पहिल्या मार्गाची किंमत ऐकून मी दुसऱ्याची विचारली, दुसऱ्याची ऐकून तिसऱ्याची. मॅट्रिकवर थांबलेल्या मास्तराचा मार्ग हा असाच ठरतो. आठ दिवसांनी ती वस्तू हातात आली: टाळूला चिकटून बसेल अशी गुलाबी पातळ पट्टी, तिच्या पुढच्या कडेला दोन दात आणि दोन बाजूंना तारेचे दोन आकडे. संपूर्ण बोळके झालेल्या माणसाची कवळी वेगळी आणि ही वेगळी. ही अर्धीमुर्धी कवळी तोंडात एकटी राहत नाही. आपल्या शेजारच्या जित्या दातांच्या कमरेला तारेचा हात घालून ती उभी असते. हा शेजार लक्षात ठेवायला हवा, कारण पुढचे सारे रामायण त्यातूनच घडते.

डॉक्टरांनी सूचना सांगितल्या त्या मी मास्तराच्या सवयीने लगेच वहीत उतरवून घेतल्या. जेवण झाले की काढून धुवायची. रात्री काढायची आणि साध्या पाण्यात बुडवून ठेवायची. उकळते पाणी नाही, टूथपेस्ट नाही. बसवताना बोटांनी बसवायची, दातांनी चावून खटकन बसवायची नाही, कारण आकडे वाकतात. आणि आपले स्वतःचे दात सकाळ-संध्याकाळ घासायचे. आकड्याच्या शेजारचे दोन तर जरा जास्तच लाडाने.

मौज अशी की दात बसवून गावात आलो आणि मला एका गुप्त मंडळाचे सभासदत्व मिळाले. इतकी वर्षे ज्यांच्याशी माझा नमस्कारापलीकडे संबंध नव्हता अशी माणसे मला बाजूला घेऊन, इकडेतिकडे पाहून, हळूच विचारू लागली, “का जी मास्तर, कुठून बसवली?” आणि मग ओठ किंचित वर करून आपापले आकडे दाखवू लागली. भद्रावतीत किती तोंडांत तारा आहेत याची मला कल्पनाच नव्हती. आमच्या गावाच्या रेल्वे स्टेशनावर अजून ‘भांदक’ हे जुने नाव आहे. तिथे नोकरी करून निवृत्त झालेले एक गृहस्थ, कोळसा खाणीतला एक फिटर, आयुध निर्माणीतला एक कारागीर, बाजारात मिरच्या विकणाऱ्या एक बाई, असे आमचे मंडळ. वयाने, जातीने, धंद्याने कोणाचा कोणाशी मेळ नाही. पण सगळ्यांची दुःखे एक.

त्यांच्या स्वच्छतेच्या तऱ्हा ऐकून मात्र मी थक्क झालो. रेल्वेचे गृहस्थ भारी टापटिपीचे. ते कवळी राखुंडीने घासत. लहानपणापासून दात राखुंडीनेच घासले, मग या दातांनी काय पाप केले आहे, हा त्यांचा सवाल. त्यांची कवळी चकचकीत दिसे, पण उजेडात धरली तर तिच्यावर बारीक ओरखड्यांचे जाळे. ही गुलाबी वस्तू म्हणजे एक प्रकारचे प्लॅस्टिक आहे. ती आपल्या दातांवरच्या कवचाइतकी कठीण नसते. राखुंडी, कोळसा, खरबरीत मंजन, फार काय टूथपेस्टदेखील तिला ओरबाडते आणि त्या ओरखड्यांत मग अन्नाचा चिकटा घर करून बसतो. घासावे तितके घाण व्हावे, असा तो उलटा न्याय आहे. मऊ ब्रश आणि हातपाय धुण्याच्या साध्या साबणाचा फेस एवढ्यावर तिचे भागते. फिटरसाहेबांना जंतूंचे भय. ते चहाच्या आधणात कवळी उकळून काढीत. चार-सहा आंघोळींनंतर ती अशी वाकडी झाली की टाळूवर तिचे एक टोक टेकले की दुसरे उचले. मिरच्यांच्या बाई धुऊन उन्हात वाळवायच्या, पापडासारखी. या वस्तूचा स्वभाव असा आहे की ती पाणी पिऊन आकारात राहते. वाळली की आकसते. आणखी एकाने पांढरीशुभ्र करण्यासाठी ब्लीचिंग पावडर वापरली. दात पांढरे झाले की नाही देव जाणे, तारा मात्र काळवंडल्या.

आणि एक गोष्ट साऱ्यांत समान होती. कवळीची एवढी मशागत करणारी ही मंडळी आपल्या उरलेल्या दातांकडे ढुंकून पाहत नव्हती. कवळीला कीड लागत नाही. कीड लागते ती तिला धरून ठेवणाऱ्या शेजाऱ्याला. आकडा ज्या दाताला मिठी मारतो त्याच्याभोवती भाताची शिते, बेसनाचा लगदा, साखरेचा पाक अडकून बसतो. जिभेला तो काढता येत नाही, लाळेला धुता येत नाही. हळूहळू तो दात मुळाशी पोखरतो, हिरडी सुजते, दात हलू लागतो आणि एक दिवस जातो. मग आधार गेला म्हणून कवळी निरुपयोगी. नवी कवळी करायची, दोनाच्या जागी तीन दातांची, आणि तिचे आकडे पुढच्या शेजाऱ्याच्या कमरेला. असे करीत करीत एकेक घर मोकळे होत जाते. खाणीसाठी उठवलेल्या गावासारखे, असे फिटरसाहेब म्हणाले. आमच्या भागातल्या माणसाला ती उपमा शोधायला लांब जावे लागत नाही.

खोट्या दातांची कथा तशी फार जुनी आहे, आणि ती वाचल्यापासून माझ्या गुलाबी पट्टीबद्दल मला आदर वाटू लागला आहे. इसवी सनापूर्वी सातव्या शतकाच्या सुमारास इटलीतले एट्रुस्कन लोक सोन्याच्या पट्टीत दात ओवून शेजारच्या दातांना बांधीत. जपानात सोळाव्या शतकातल्या एका बौद्ध भिक्षुणीची अखंड लाकडात कोरलेली कवळी सापडलेली आहे. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष वॉशिंग्टन 1789 साली अधिकारपदाची शपथ घेते झाले तेव्हा त्यांच्या तोंडात स्वतःचा म्हणावा असा एकच दात उरला होता. त्यांची कवळी लाकडाची होती ही निव्वळ आख्यायिका. ती हस्तिदंत, शिसे आणि चक्क दुसऱ्या माणसांचे दात यांची केलेली होती. 1815 च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर रणांगणावर पडलेल्या तरुण शिपायांचे दात उपटून ते श्रीमंतांच्या कवळ्यांत बसवले गेले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कडक केलेले रबर आले, आणि 1930 नंतरच्या दहा वर्षांत हे आजचे गुलाबी अॅक्रिलिक. आपल्या देशात दंतवैद्यकाचे पहिले महाविद्यालय डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी 1920 साली कलकत्त्यास काढले. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय 1968 सालचे. मेलेल्या शिपायाचा दात तोंडात घालून सभेत हसण्यापेक्षा माझी पट्टी शतपटीने निर्मळ आहे. आमच्या विजासन लेण्यातल्या बुद्धमूर्ती शतकानुशतके ओठ मिटून बसलेल्या आहेत. दात दाखवण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला नाही, हे त्यांचे भाग्य.

आपल्याकडच्या जुन्या वैद्यांचे लक्ष दात बसवण्यापेक्षा दात टिकवण्याकडे अधिक होते. सुश्रुताने दातवणाचे मापसुद्धा दिले आहे: बारा अंगुळे लांब आणि करंगळीएवढे जाड. कडूंत कडुलिंब, तुरटांत खैर, गोडांत मोह आणि तिखटांत करंज श्रेष्ठ, असा त्याचा निवाडा. ही यादी वाचताना मला हसू आले. ही चारी झाडे आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात पावलोपावली उभी आहेत! सुश्रुताने यादी करावी आणि आमच्या रानाने ती पुरवावी, असे असून आमच्याच जिल्ह्यात तरण्या पोरांची तोंडे आज ज्या स्थितीत आहेत ती पाहवत नाही. त्याच खैराचा कात विड्यात जातो हे एक वेळ चालेल. पण आमच्याकडे खर्रा आहे. सुपारीची कात्रणे, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटायचे आणि दिवसभर गालात ठेवायचे. गुटख्यावर राज्यात 2012 साली बंदी आली. खर्रा मात्र कोपऱ्याकोपऱ्यावर घोटला जात राहिला. शेजारच्या गडचिरोलीत 2016 पासून ‘मुक्तिपथ’ ही दारू-तंबाखूविरुद्धची मोहीम गावोगाव चालते, कारण दुखणे तेवढे खोल आहे.

डॉक्टरांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक पंचविशीतला मुलगा बसला होता. लग्न ठरायचे होते, समोरचा दात किडून गेलेला, म्हणून कवळी बसवायला आला होता. डॉक्टरांनी “आ कर” म्हटले, तर त्याचे तोंड दोन बोटेदेखील उघडेना. गालाच्या आतली कातडी पांढरी पडून दोरीसारखी ताठ झाली होती. सुपारीने हे होते, तंबाखू त्यात भर घालते, आणि अशा तोंडात पुढे कर्करोगाचे भय इतरांपेक्षा पुष्कळ जास्त. कवळीचे माप घ्यायला जो मसाल्याचा साचा तोंडात घालावा लागतो, तोच आत जाईना. डॉक्टरांनी त्याला बाहेर पाठवून बापाला आत बोलावले. बाप बाहेर आला तेव्हा त्याने खिशातली पुडी काढली, तिच्याकडे पाहिले आणि पुन्हा खिशात ठेवली. टाकली नाही. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.

परंतु ज्या गोष्टीसाठी मी हे सारे लिहायला बसलो ती आमच्या घरातली आहे.

माझ्या वडिलांच्या वडील भावाच्या पत्नी, आमच्या मोठ्या आई, आमच्याजवळ राहतात. वय सत्तरीच्या पुढे. मुले नोकरीच्या गावी. त्यांच्याकडे त्या चार दिवस जातात आणि पाचव्या दिवशी परत येतात, कारण तिथे अंगण नाही. त्यांना पुढे चार दातांची कवळी आहे, हे मला माझी स्वतःची येईपर्यंत ठाऊक नव्हते. माझ्या बायकोलाही नव्हते. एका घरात, एका चुलीवर, इतकी वर्षे! कळले ते असे. दिवाळीच्या आधी दोनेक महिने त्यांचे जेवण बदलले. भाकर सुटली, ठेचा सुटला, आंब्याचे लोणचे सुटले. वरणभात तेवढा मिळमिळीत करून घेत. चहा निवला की घेत. बोलताना तोंड दुसरीकडे करीत. आम्हांला वाटले वयाप्रमाणे वैराग्य आले असेल. घरातली म्हातारी माणसे एकेक पदार्थ सोडू लागली की आपण त्याला भक्तीचे नाव देतो. पण माझी बायको एक दिवस म्हणाली, “वैराग्य आलेल्या माणसाच्या डोळ्यांत लोणच्याची बरणी पाहून पाणी येत नाही. काहीतरी दुखतंय त्यांचं.”

खोदून खोदून विचारले तेव्हा कवळीची गोष्ट बाहेर आली. नागपूरला बसवून घेतल्याला वीसेक वर्षे झाली होती. आणि त्या वीस वर्षांत, आजारपण सोडले तर, त्यांनी ती एकाही रात्री काढून ठेवली नव्हती. पहाटे सगळे उठायच्या आधी आडाच्या कडेला जाऊन, अंधारात, चूळ भरता भरता काढायची, पाण्यातून फिरवायची आणि लगेच आत. एवढीच काय ती स्वच्छता.

मी म्हटले, “मोठ्या आई, रात्री काढून पाण्यात ठेवायची असते. मी नाही का ठेवत?”

“तुले काय होते रे? तू बाप्या माणूस,” त्या म्हणाल्या. “मी सूनबाईसमोर, नातवांसमोर बोडखं तोंड घेऊन बसू का? रातच्याले कोनी आजारी पडलं, उठा लागलं, त मी कशी जाऊ?”

या उत्तरातला एक शब्द माझ्या मनातून अजून जात नाही. बोडखं. ज्या पिढीने तो शब्द बायकांच्या डोक्याविषयी ऐकला, तिच्या तोंडून तो ओठांविषयी आला. आरोग्याच्या पुस्तकांत रात्री कवळी काढावी असे एका ओळीत लिहिलेले असते. ती काढून माणसाने कोणाच्या देखत बसावे, दार कोणते लावावे, पेला कुठे लपवावा, हे त्या ओळीत नसते.

दवाखान्यात न्यायला चार दिवस मनधरणी करावी लागली. डॉक्टरांनी कवळी काढली आणि मला आरसा धरून त्यांची टाळू दाखवली. टाळूवर लालभडक डाग होता, आणि त्याच्या कडा हुबेहूब कवळीच्या आकाराच्या होत्या. कोणी तांबड्या शाईने कवळीभोवती पेन्सिल फिरवावी तशा. पट्टीखालची जागा रात्रंदिवस झाकलेली. तिथे लाळ पोचत नाही, हवा पोचत नाही, उबेत आणि ओलाव्यात बुरशी वाढते. भिंतीला लावून ठेवलेल्या ओल्या चटईखाली जे होते तेच. पुष्कळांना तर काही दुखतसुद्धा नाही, म्हणून ते वर्षानुवर्षे कळत नाही. आकड्याला धरलेला एक दात मुळाशी किडला होता, तो काढावा लागला; दुसऱ्यात सिमेंट भरून तो वाचला. बुरशीवर लावायला औषध दिले आणि डॉक्टर म्हणाले, “आजी, औषध अर्धं काम करील. उरलेलं अर्धं रात्री पट्टी बाहेर ठेवल्यानं होईल.”

मग त्यांनी मला बाजूला घेऊन एक गोष्ट सांगितली, ती मी घरी येऊन मोठ्या आईंना मुद्दाम सांगितली. जपानात पंच्याऐंशी वर्षांवरच्या पाचशेवर वृद्धांची पाहणी झाली, ती 2015 साली प्रसिद्ध झाली. जे कवळी तोंडात ठेवून झोपत त्यांच्यात न्यूमोनियाचा धोका इतरांच्या दुपटीहून जास्त दिसला. झोपेत लाळेबरोबर ती सारी घाण श्वासनळीत उतरत असावी, असा तर्क आहे. शिवाय लहान कवळी झोपेत सुटून घशात जाण्याचे भय आहेच. इंग्लंडात 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका हकिकतीत बहात्तर वर्षांच्या एका निवृत्त गृहस्थांची, शस्त्रक्रियेच्या वेळी तोंडात राहून गेलेली तीन दातांची कवळी, आठ दिवसांनी घशात अडकलेली सापडली. हे ऐकून मोठ्या आई म्हणाल्या, “आठ दिवस! मग जेवत कसा होता तो?” न्यूमोनियाचे भय त्यांना वाटले नाही, उपासाचे वाटले.

भीती घालून हे काम होणार नाही हे मला त्यावरून कळून आले. माझी बायको मास्तरीण नाही, म्हणून तिला खरा उपाय सुचला. आमचे घर जुने. न्हाणीच्या दाराला आतून कडीच नव्हती. वाड्यातल्या बायका दार लोटून, वर लुगडे टाकून आंघोळी करीत आलेल्या, तीच वहिवाट पुढे चाललेली. तिने सुताराला बोलावून आतून कडी बसवून घेतली. न्हाणीत खिडकीशी एक फळी मारली. फळीवर साबण, एक मऊ ब्रश, एक छोटा आरसा. आणि झाकणाचे एक चिनीमातीचे भांडे. कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी उभारलेल्या ग्रामोदय संघामुळे आमच्या गावाचे नाव मातीकामासाठी सर्वदूर झाले आहे. लोणच्याला लागतात तशी भांडी आमच्या घरोघरी असतात. त्यांतलेच हे एक, आतून बाहेरून निळ्या झिलईचे. वर झाकण असल्यामुळे आत लोणचे आहे की दात आहेत, हे बाहेरच्याला कळायला मार्ग नाही.

पहिल्या रात्री मोठ्या आई न्हाणीत गेल्या, कडी लागल्याचा आवाज आला आणि बराच वेळ त्या बाहेर आल्या नाहीत. आम्ही दोघे ओसरीवर उगाच काहीतरी बोलत बसलो. बाहेर आल्या त्या पदर तोंडाला लावून थेट आपल्या खोलीत. दुसऱ्या रात्रीही तसेच. मी काही बोललो नाही. फक्त माझा पेला, जो मी एरवी कपाटात ठेवीत असे, तो सर्वांना दिसेल असा ओसरीच्या कोनाड्यात ठेवू लागलो. माझ्या धाकट्या मुलाने त्याच्यापुढे मांडी घालून, “बाबा, तुमचे दात पाण्यात गेले की मोठे दिसतात,” असा शोध लावला. ते खरेच आहे. पाण्यात वस्तू मोठी का दिसते, हा धडा त्याला दोन वर्षांनी आहे. मी तो तिथेच, पेल्यावर शिकवला. आतल्या खोलीतून मोठ्या आईंच्या हसण्याचा आवाज आला. आठ-दहा दिवसांनी त्या रात्री पाणी प्यायला उठल्या तेव्हा पदर खांद्यावरच होता.

तीनेक आठवड्यांत टाळूचा लाल डाग फिका पडला. नवी पट्टी पाच दातांची आली. आता त्यांचा नेम माझ्यापेक्षा कडक आहे. खाली बादलीत पाणी ठेवून तिच्यावर धरूनच कवळी धुतात, म्हणजे हातातून निसटली तरी फरशीवर आपटून दोन तुकडे होत नाहीत. आकड्याची आतली बाजू ब्रशाच्या टोकाने काढतात. मग स्वतःचे राहिलेले दात, विशेषतः तारेखालचे. मग हिरड्यांवरून बोट, आणि जीभ. फेस आणणाऱ्या गोळ्या मिळतात त्याही मी आणून दिल्या होत्या. त्यांनी एकदा वापरल्या आणि, “सोड्यासारखं उकळते, पाहाले चांगलं हाय,” असे म्हणून ठेवून दिल्या. हरकत नाही. गोळी घासण्याची जागा घेत नाही, आणि ती भिजवलेल्या पाण्यातून काढल्यावर कवळी स्वच्छ पाण्याने धुतल्याशिवाय तोंडात घालायची नसते, एवढे आम्ही सांगून ठेवले आहे.

दिवाळी हा आम्हां तारवाल्यांच्या परीक्षेचा सण. समोरच्या खोट्या दातांनी चकली तोडायला जाल तर चकली राहील आणि दात जातील. ती हाताने मोडून मागच्या दाढांकडे सोपवायची. बेसनाचा लाडू टाळू आणि पट्टी यांच्या फटीत असा काही लिंपला जातो की कुंभाराने जोड लावावा. चिवड्यातला खोबऱ्याचा काप आकड्याखाली आडवा बसतो. पण सर्वांत कपटी अनारसा. दिसायला गरीब, जाळीदार, तोंडात विरघळणारा. पण त्याच्यावरची खसखस! एक दाणा पट्टीखाली शिरला की वाटते, आनंदवनाच्या रस्त्यावरची सगळी गिट्टी टाळूखाली येऊन पडली. चारचौघांत फराळ चालला असताना यजमानीणबाई आग्रह करीत असतात आणि आपण एका दाण्यापायी डोळ्यांत पाणी आणून ‘वा, छान झालाय’ म्हणत असतो. मी आता सरळ उठतो, मोरीशी जातो, पट्टी काढतो, चूळ भरतो, परत येतो आणि दुसरा अनारसा उचलतो. पहिल्या वर्षी लोक चमकले. या वर्षी रेल्वेचे गृहस्थ माझ्यामागून उठले आणि म्हणाले, “तुमचं झालं की सांगा जी.”

मोठ्या आईंनी या खेपेला अनारसे आपल्या हाताने थापले आणि खसखस फक्त अर्ध्यांवर लावली. डब्यात दोन थर, मधे केळीचे पान. वरचा थर कोणाचा हे विचारायची सोय नाही. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मिरच्यांच्या बाई दारात आल्या. हातात मिरच्यांची पुडी, निमित्ताला, पदर तोंडावर. माझ्याकडे न पाहता त्यांनी विचारले, “आजी हायत का घरी?” मोठ्या आई आतून आल्या, त्यांच्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाल्या, “ये वो बाई, आत ये. पहिले सांग, उन्हात त नाही ना वाळवत?” दोघी न्हाणीत गेल्या आणि आतून कडी लागली.